खांद्याचा वाटा

"डुक्कर आलं गं बाई मांडवात!" असं आई ओरडली तेव्हा मी आरशासमोर बसून अंबाड्यात शेवटचा आकडा खोचत होते.

मला वाटलं, ओढ्याकडचं एखादं वाट चुकून आलं असेल.

"मग हाकल की," मी आतूनच म्हटलं.

"हाकलायला ते जित्तं हाय व्हय?" आई म्हणाली आणि पदराचा बोळा तोंडाला लावून उंबऱ्यातच बसली.

मी खिडकीतून पाहिलं. मांडवाच्या बरोबर मध्ये, पाहुण्यांसाठी सतरंजी घालायची त्याच जागी, एक काळंकभिन्न रानडुक्कर पडलं होतं. चारी पाय कासऱ्यानं कळकाच्या दांड्याला बांधलेले, सुळे बाहेर, आणि डोक्यावर आमच्या हौशी चुलतभावांनी रात्रभर जागून लावलेल्या रंगीत पताका. भोवती निम्मा गाव उभा होता आणि उरलेला निम्मा धावत येत होता. माझ्या साखरपुड्याला म्हणून एवढी माणसं कधीच आली नसती.

पाहुणे दुपारच्या आत पोचणार होते. पाहुणे म्हणजे गडहिंग्लजचे खोराटे. मुलाचं नाव रणजित. आई-बापांनी हे नाव कुठल्या भरात ठेवलं देव जाणे. मला पाहायला आला तेव्हा हा रणजित तासभर बसला आणि त्यानं तोंड उघडलं ते फक्त पोह्यांसाठी. शिक्षण किती विचारलं, वडील बोलले. नोकरी कुठं विचारलं, वडील बोलले. शेवटी आमच्या आबांनी विचारलं, "मुलाला मुलीला काय विचारायचं आसंल तर विचारू द्या." रणजितनं वडिलांकडं पाहिलं आणि वडील म्हणाले, "त्याला काही विचारायचं नाही."

वडील म्हणजे तात्यासाहेब. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नाही, आणि कायद्याची कलमं हरिपाठासारखी तोंडपाठ. सोयरीक ठरवताना त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. एकच अट घातली. "आयुष्यभर आरोपी बघितलेत. सोयऱ्यात आरोपी नको. ज्या घरावर खटला, त्या घरची मुलगी आम्ही करत नाही."

माझीही एक अट होती. ती मी फक्त आईला सांगितली होती.

"साखरपुड्यात तरी त्यो आपल्या तोंडानं कायतरी बोलला तर ठीक. न्हाईतर कुंकू लावायच्या आधी मी पाटावरनं उठणार."

"बोलतोय की," आई म्हणाली. "पोहं झ्याक झाल्यात म्हणाला."

"ते त्याचा बा म्हणाला."

"आगं, नवरा कमी बोलतोय ही काय तक्रार झाली? तुझ्या बाबरोबर चार दिस काढून बघ."

आईचं बरोबर होतं. आबा झोपेतही बोलत. पण जो माणूस बापाला विचारल्याशिवाय पाणी मागत नाही त्याच्याशी संसार म्हणजे सासऱ्याशीच संसार, असं माझं गणित होतं. रणजित दिसायला बरा होता, नोकरीही बरी होती, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडलाही होता. म्हणूनच जास्त राग येत होता.

तर आता डुकराकडे येऊ.

आबांकडं राखणीची एक ठासणीची बंदूक होती. तिनं त्या दिवसापर्यंत फक्त आवाज काढला होता. त्या वर्षी डुकरांनी आमचा ऊस लोळवला, शेजारच्यांचा भुईमूग उकरला, रताळ्यांचा तर चिखल केला. तेव्हा आबांनी वनखात्याकडं अर्ज केला आणि पुष्कळ हेलपाट्यांनंतर डुक्कर मारायची परवानगी मिळाली. तिच्या अटी आबा येईल-जाईल त्याला वाचून दाखवत. मारायचं ते आपल्याच शेतात. मारलं की लगोलग वनखात्याच्या नाक्यावर वर्दी द्यायची. आणि मेलेलं जनावर पडलं तिथंच ठेवायचं, कारण ते सरकारी मालमत्ता. ते हलवायचं नाही, कापायचं नाही, खायचं तर नावच काढायचं नाही.

त्या सकाळी आबा मांडवासाठी केळीचे खुंट आणायला म्हणून शेतात गेले आणि सवयीनं बंदूक घेऊन गेले. उसातून डुक्कर बाहेर आलं ते समोरच. आबांनी बार टाकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो लागला. आबांचा स्वतःचाच विश्वास बसेना. पण माणूस कायद्याला धरून चालणारा. त्यांनी जनावर उसाच्या पाल्यानं झाकलं, खुंट तिथंच टाकले आणि सायकल मारत नाक्यावर वर्दी द्यायला गेले.

आबा अटी पाळत होते. गावही अटीच पाळत होता, फक्त त्या जुन्या होत्या.

आमच्या धामणखिंडीत बार वाजला की तो गावाचा. जनावर बार टाकणाऱ्याच्या अंगणात आणायचं. तिथं पळसाची पानं मांडायची आणि वाटे घालायचे. प्रत्येक उंबऱ्याला एक वाटा. वाटे पडताना जो हजर असेल, मग तो वाटसरू का असेना, त्यालाही एक. बार टाकणाऱ्याला मुंडकं. आणि ज्यानं जनावराला खांदा दिला त्याला घरच्या वाट्यावर आणखी एक जादा. तो खांद्याचा वाटा. शिकारबंदी आल्यापासून हे सगळं म्हाताऱ्यांच्या गप्पांपुरतं उरलं होतं. बार ऐकल्याबरोबर म्हाताऱ्यांच्या अंगात वारं भरलं, आणि आबा नाक्यावर पोचायच्या आत डुक्कर आमच्या मांडवात.

आबा परत आले, सायकल भिंतीला टेकवली आणि मांडवात पाऊल टाकून तिथंच थिजले.

"सातापा, मुंडकं तुझं," धोंडीमामा मोठ्या मनानं म्हणाले. गावातले सगळ्यात जुने शिकारी ते. हातात सुरी, समोर पानांच्या रांगा. "कुणी हात लावल्याला न्हाई."

"मामा, आरं उचललं कुणी ह्येला?"

"गावानं."

"ते सरकारी जनावर हाय!"

"सरकारी?" धोंडीमामांनी डुकराला एक प्रदक्षिणा घातली. "शिक्का कुटं मारलाय दाव बरं. ढुंगणावर तर दिसंना."

"मामा, गंमत न्हाई. कायदा हाय."

"माझा भुईमूग खाल्ला तवा कुटं हुतं सरकार? जित्तं हुतं तवा बेवारशी, आन् मेल्यावर बरं वारस लागलं!"

गाव खदखदून हसला. आबा हसले नाहीत, कारण त्यांच्या पाठोपाठ फटफटीवरून हुक्केरी गार्ड येत होते.

हुक्केरी वनखात्याचे गार्ड. किडकिडीत, घामेजलेले, खांद्याला पिशवी. त्यांनी डुकराकडं पाहिलं, पताकांकडं पाहिलं आणि आबांकडं पाहिलं.

"बार कुठं टाकला?"

"शेतात. उसाच्या कडंला."

"जनावर कुठं आहे?"

"मांडवात."

"चालत आलं का?"

आबा खाली बघत म्हणाले, "सायेब, परत न्हिऊन ठिवतो की जितल्या तितं. धा मिंटाचं काम हाय."

"म्हणजे परत हलवायचं? आणलं तो एक गुन्हा, न्यायचं तो दुसरा. वाहतुकीला पास लागतो."

"पास कोण देतंय?"

"साहेब देतात."

"सायेब कुटं हायत?"

"रजेवर."

"मग हितंच राहू द्यायचं?"

"इथं ठेवलं तर विनापरवाना ताबा."

"मग करायचं तरी काय मानसानं?" आबांचा आवाज चिरकला. "न्यायचं न्हाई, ठिवायचं न्हाई. पावणं येत्यात माझं, पोरीचा साखरपुडा हाय!"

"ते पंचनाम्यात येत नाही," हुक्केरी म्हणाले. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, लोकांकडं वळले आणि चुकीच्या शब्दांत बरोबर प्रश्न विचारला.

"हे बघा, खरं सांगा. जनावराला खांदा कुणी कुणी दिला? हात वर करा."

गावाला वाटलं, सरकारी माणूस आला तो रीतीनं वाटे घालायलाच. एकदम हातांचं रान उठलं. खांदा फार तर आठ जणांनी दिला असेल, वर गेले तीस-चाळीस. एकाचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, त्यानं डावा वर केला. शेवंताआक्का तर गेल्या दिवाळीपासून काठीशिवाय परसातसुद्धा गेली नव्हती. ती ओट्यावर बसून दोन्ही हात वर करून होती.

"आजी, तुम्ही डुक्कर उचललं?"

"मागनं ढकललं," आक्का म्हणाली.

मला खिडकीत हसू आवरेना. आणि तेवढ्यात त्या हातांमध्ये मला एक हात दिसला. पांढरीशुभ्र बाही, मनगटाला घड्याळ. हाताखाली सफारीतला एक तरणा माणूस. सफारीच्या डाव्या खांद्यावर तळहाताएवढा लाल डाग. आणि डागाच्या वर रणजित खोराट्याचं तोंड.

माझं हसू जागच्या जागी विरलं.

नंतर कळलं ते असं. तात्यासाहेबांनी त्याला मोटारसायकलवरून पुढं पाठवलं होतं, मांडव पडलाय का, पाण्याची सोय आहे का ते बघायला. ओढ्याच्या चढाला आमची माणसं डुक्कर घेऊन धापा टाकत होती. "ओ पावणं, जरा खांदा द्या," कुणीतरी हाक मारली. आमच्या घराबाहेर गावात त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि मोठ्या माणसानं सांगितलेलं ऐकायची त्याला लहानपणापासून सवय. त्यानं गाडी लावली आणि खांदा दिला. स्वतःच्या साखरपुड्याला माणूस असा वाजतगाजत आला.

"आई," मी म्हटलं, "त्यो बघ."

"कोण?"

"पोहंवाला."

आईनं पाहिलं आणि ती पुन्हा उंबऱ्यात बसली.

त्याच वेळी खोराट्यांची जीप दारात थांबली. तात्यासाहेब उतरले. कडक इस्त्रीचं धोतर, काळी टोपी. मागं रणजितचे दोन चुलते आणि हळदी-कुंकवाचं ताट घेतलेल्या बायका. त्यांची पहिली नजर डुकरावर गेली. त्यांनी माळेला हात लावला.

"सातापराव, हा काय प्रकार आहे?"

आबा काही बोलायच्या आत हुक्केरींनी गावाकडं बघून घसा खाकरला.

"तर हात वर करणाऱ्या सगळ्यांनी ऐका. वन्यप्राण्याचं शव विनापरवाना उचलणं, ताब्यात ठेवणं, वाहून नेणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता एकेकानं पुढं या आणि नावं सांगा."

हात असे खाली आले की मांडवात वारा सुटला. कुणी डोकं खाजवत होता, कुणी पताका सरळ करत होता. गळ्यात हात बांधलेला म्हणाला, "मी तर अधू मानूस." धोंडीमामांनी सुरी धोतरात खोवली. शेवंताआक्का म्हणाली, "माझा हात उगंच आळसानं वर गेला हुता."

"समजलं," तात्यासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, त्यामुळंच भीती वाटली. "खटला होणार. सातापराव, मी आधीच सांगितलं होतं. राग मानू नका. नमस्कार. चला, गाडी वळवा."

झोपेतही बोलणारे आबा नुसते हात जोडून उभे राहिले. आईनं कपाळावर हात मारला. मी नेसत्या साडीनिशी दारात येऊन उभी राहिले. नवरी मुलीनं असं बाहेर यायचं नसतं, पण नवरी आहेच कुठं आता, असं माझ्या मनात आलं. आणि मला त्या क्षणी रडू यायला लागलं. मुलाचं काही का असेना, आबांकडं बघवत नव्हतं.

"अहो, सफारीवाले," हुक्केरी म्हणाले, "तुमचा हात अजून वर आहे."

सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. मांडवाच्या मागच्या खांबाजवळ तो एकच हात वर होता. पूर्ण वर नाही, जरा वाकलेला, पण वर.

तात्यासाहेब जीपच्या पायरीवरून खाली उतरले.

"रणजित, हात खाली घे."

हात तसाच.

"खाली घे म्हणतो ना मी!"

रणजितचे कान लालबुंद झाले होते. त्यानं बापाकडं पाहिलं नाही, गार्डकडंही नाही. तो माझ्याकडं, दाराकडं बघत होता.

"खांदा दिलाय, तात्या," तो म्हणाला. "ओढ्यापासून इथपर्यंत दिलाय."

पोह्यांच्या दिवशी तासाभरात तो बोलला त्याहून हे जास्त होतं, आणि यातला एकही शब्द त्याच्या बापाचा नव्हता.

"नाव?" हुक्केरींनी विचारलं.

"रणजित खोराटे."

"गाव?"

"गडहिंग्लज."

"इथं कशाला आलात?"

"साखरपुड्याला."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मग धोंडीमामांच्या तोंडून हळूच निघालं, "आयला! नवरदेवाच्या खांद्यावर दिलं व्हय रं आपण!"

कुणी हसलं नाही. धोंडीमामांनी धोतरातली सुरी काढून पानावर ठेवली आणि हात वर केला.

"लिवा सायेब. धोंडी बाळा नाईक. पयला खांदा माझा."

"मामा, आत्ता तर तुम्ही..."

"आत्ताचं सोडा. जावई तुरुंगात आन् सासरवाडी घरात बसून भाकरी खाणार? शेण घालंल की दुनिया आमच्या तोंडात."

दुसरा हात वर गेला. तिसरा गेला. गळ्यात बांधलेल्यानं या खेपेला दुखरा हात वर करायचा प्रयत्न केला आणि तो कळवळला. बघता बघता मघाचं सगळं रान परत उठलं, उलट चार-दोन हात जास्तच. त्यात आबांचा होता. आईनं दारातून वर केला. शेवंताआक्का म्हणाली, "माझा बी धरा."

"आजी, तुम्ही उचललेलं नाही! मला दिसतंय ना!"

"मी मागनं ढकललं. तू हुतास का तितं?"

हुक्केरी खुर्चीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली आणि बराच वेळ काही लिहिलंच नाही.

"पंचनाम्याला दोन पंच लागतात," शेवटी ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "त्रयस्थ. इथं तर सगळे आरोपीच आहेत. पंच आणू कुठून?" मग त्यांना तात्यासाहेब दिसले. "तुम्ही बाहेरगावचे. शिकलेले दिसता. तुम्ही व्हा पंच."

"आरोपीचा बाप पंच?" तात्यासाहेब ताडकन म्हणाले. "कुठल्या कोर्टात टिकेल? पहिल्याच तारखेला वकील तुम्हाला..."

आणि ते मध्येच थांबले. 'आरोपीचा बाप' हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. आयुष्यभर ते मेजाच्या एका बाजूला बसले होते, आणि आता डुकरानं त्यांना दुसऱ्या बाजूला आणून उभं केलं होतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मुलाच्या खांद्यावरच्या डागाकडं पाहिलं. मग चुलत्याला म्हणाले, "खुर्ची द्या मला."

खुर्ची आली. ते हुक्केरींच्या समोर बसले.

"वर्दी कधी दिली यांनी?"

"आज सकाळीच. स्वतः आले होते."

"जनावर तेव्हा कुठं होतं?"

"शेतातच असणार."

"झालं तर. ताब्यात आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं, असं कायदाच सांगतो. यांनी ताब्यात यायच्या आधीच कळवलंय. इतका प्रामाणिक आरोपी मी उभ्या हयातीत पाहिला नाही."

"पण साहेब, हलवलं ना!"

"का हलवलं ते विचारलंत का?"

"का हलवलं?" हुक्केरींनी गावाला विचारलं.

धोंडीमामा खरं सांगायला तोंड उघडतच होते. तात्यासाहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"लिहून घ्या. सदर शव उघड्या शेतात पडून राहिल्यास कोल्ही-कुत्री सरकारी मालमत्तेची नासधूस करतील या काळजीनं ग्रामस्थांनी ते परवानाधारकाच्या अंगणात आणून, संबंधित अधिकारी येईपर्यंत राखले. शव अखंड आहे. कातडी, सुळे, मांस, काहीही काढलेलं नाही. बघा, आहे ना अखंड?"

"आहे," हुक्केरी म्हणाले. "पण ही पानं? ही सुरी?"

"पानं जेवणाची. आज साखरपुडा आहे, पंगत बसायची आहे."

"आणि सुरी?"

तात्यासाहेबांनी सुरीकडं पाहिलं. "कांदा चिरायला," असं म्हणून त्यांनी माळेला हात लावून मनातल्या मनात माफी मागितली. ज्यानं चाळीस वर्षं लोकांच्या खोट्या जबान्या जपून ठेवल्या, त्याला स्वतःची एक रचायला किती वेळ लागणार?

हुक्केरींचा चेहरा खुलला. चाळीस आरोपींची नावं, त्यांचे बाप, त्यांची वयं लिहायची कुणाला हौस होती? त्यांनी भराभर कागद पुरा केला, पंच म्हणून खोराट्यांच्या जीपच्या ड्रायव्हरला आणि फेरी मारायला आलेल्या बांगडीवाल्याला धरलं, आणि डुक्कर आमच्या परसातच पुरायचं ठरलं. खड्डा खणायला गाव लागला. वर चुना टाकला, रॉकेल ओतलं, म्हणजे पुन्हा कुणी उकरायला नको. सगळा गाव डोक्याला फडकी बांधून कडेनं उभा होता. धोंडीमामांचे डोळे भरून आले होते.

"केवढं चरबीचं मटण व्हतं," ते म्हणाले आणि शेवटची माती त्यांनीच लोटली.

मग सडा-शिंपण झालं, सतरंजी पडली आणि दिवस कलताना माझा साखरपुडा झाला. पळसाच्या त्याच पानांवर बुंदी वाढली. तात्यासाहेबांनी सगळ्या गावाला हात जोडून नमस्कार केला, आबांना मिठी मारली. रणजितला चुलत्याचा सदरा घातला होता, तो त्याला बगलेत होत नव्हता. मी पाटावर बसले आणि कुंकू लावताना मान पुढं केली. आईनं डोळे मिटून घेतले.

त्या एका हातावर मी संसार केला. पुढं पुष्कळदा हे बापापुढं गप्प बसले. पगार तात्यांच्या हातात, सुट्टी तात्यांना विचारून, मुलीचं नावही तात्यांनी ठेवलं. मी चिडायची. पण मग मला मांडवातला तो एकटा हात आठवायचा. चाळीस मर्दांनी खाली घेतलेला हात ज्यानं वर ठेवला, तो माणूस बुळा कसा असेल, असं म्हणून मी गप्प व्हायची. तात्या गेले, सासूबाई गेल्या, तरी ती गोष्ट मी पाहुण्यारावळ्यांत सांगत राहिले. हे तेव्हा हमखास पाणी प्यायला आत जायचे. मला वाटायचं, लाजतात.

गेल्या महिन्यात आमच्या मुलीला बघायला एक मुलगा येऊन गेला. मुलगा गप्प होता, आई बोलत होती. मुलगी रात्री जेवताना कुरकुर करायला लागली, तेव्हा मी परत सुरू केलं, "तुझ्या बापाकडं बघ, असाच गप्प होता, पण चाळीस जणांत..."

"बास कर," हे म्हणाले. पाणी प्यायला उठले नाहीत. ताटातलं बोट ताटातच ठेवून म्हणाले, "इतकी वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय. मी हात वर केला तो जादा वाटा मिळतोय म्हणून."

"कसला वाटा?"

"डुकराचा. ओढ्यावर तुमच्या लोकांनी सांगितलं ना, खांद्याला जादा वाटा. मला कुठं माहीत कायदा-बियदा?"

"तुम्ही? माळकऱ्याच्या घरचे?"

"माळ तात्यांची होती. मी जन्मात मटण चाखलं नव्हतं. म्हटलं, आज मिळालं तर मिळालं."

मुलगी हसून हसून ताटावर आडवी झाली. मला काही हसू येईना. पंचवीस वर्षांचा माझा देव्हारा यानं एका घासात रिकामा केला होता.

"मग गार्डानं तीन वर्षांची कैद सांगितली तेव्हा? सगळ्यांनी हात खाली घेतले, तुम्ही का नाही घेतला?"

"घेत होतो की. अर्धा खाली आलाही होता."

"मग?"

यांनी ताट जरा पुढं सारलं.

"तेवढ्यात तू दारात आलीस," ते म्हणाले. "डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. मी तुझ्याकडं पाहिलं आणि मला वाटलं, मी हा हात आता खाली घेतला, तर ही काही माझ्या नावाचं कुंकू लावून घेत नाही. कैदेला मी भ्यालो नाही असं नाही. पण ते त्यानंतरचं."

मी अट आईशिवाय कुणाला सांगितली नव्हती. आई ती कुणाला न सांगता गेली. समोर कायदा, समोर बाप, सगळा गाव बघतोय, आणि या घाबरट माणसाला त्यातली सगळ्यात मोठी भीती वाटली ती मी उठून जाईन याची. मुलगी अजून हसत होती. मी उठले आणि पाणी प्यायला आत गेले.